साहेलमधले लष्करी तळ पुन्हा पुन्हा का पडतात

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. पहिली अशी, की साहेलमधल्या, म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या पट्ट्यातल्या माली, बुर्किना फासो आणि नायजर या देशांच्या सैन्यांकडे चिलखती गाड्या आहेत, तुर्की ड्रोन आहेत, मदतीला आधी फ्रेंच होते, मग रशियन आले. तरी मोटरसायकलवरून आलेली माणसं त्यांचे तळच्या तळ कसे लुटून नेतात? दुसरी, तुमच्या धाकट्या भावाला नायजरमध्ये वीजवाहिनीच्या कामाची ऑफर आली आहे आणि साइटवर लष्कराचा बंदोबस्त असतो असं कंपनी सांगते, तर त्यावर विसंबावं का? दुसऱ्याचं उत्तर बरंचसं पहिल्यात आहे, म्हणून आधी पहिल्याबद्दल लिहितो.

लष्करात असताना दुर्गम चौक्यांना रसद पोहोचवणं हे माझं काम होतं. निवृत्तीनंतर पश्चिम आफ्रिकेत काम करणाऱ्या कंपन्यांना सुरक्षेबाबत सल्ला देतो. त्यामुळे हल्ल्याची बातमी आली की माझं लक्ष बंदुकांच्या संख्येकडे कमी जातं. त्या चौकीत शेवटचा शिधा कधी पोहोचला होता, बदलीची तुकडी कधी यायची होती, रस्ता कोणाच्या ताब्यात होता आणि शेजारच्या गावातली माणसं चौकीवरच्या जवानांशी बोलत होती का, हे मी आधी शोधतो. साहेलमधल्या मोठ्या पराभवांपैकी बहुतेक ठिकाणी या प्रश्नांची उत्तरं हल्ल्याच्या कितीतरी आधी वाईट झालेली होती.

इनाटाचं प्रकरण सविस्तर सांगतो, कारण त्यात सगळं आहे. बुर्किना फासोच्या उत्तर टोकाला सूम प्रांतात इनाटा नावाची सोन्याची खाण आहे. तिच्याजवळ जाँदार्मरीची, म्हणजे लष्करी शिस्तीच्या पोलीस दलाची चौकी होती. १४ नोव्हेंबर २०२१ च्या पहाटे पिकअप गाड्या आणि मोटरसायकलींवरून आलेल्या जिहादींनी ती उद्ध्वस्त केली. किमान ४९ जाँदार्म आणि ४ नागरिक मारले गेले. देश हादरला तो या आकड्याने, पण त्याहून जास्त नंतर बाहेर आलेल्या माहितीने. चौकीतला शिधा संपलेला होता. जवळपास दोन आठवडे जवान आसपास फिरणारी जनावरं मारून पोट भरत होते. तसं त्यांनी वरिष्ठांना कळवलंही होतं. बदलीची तुकडी येणार येणार म्हणत लांबत गेली होती.

ज्याने कधी चौकी चालवली आहे त्याला याचा अर्थ लगेच कळतो. भुकेला जवान मोर्चा सोडून बाहेर पडतो, म्हणजे तो कुठून जातो आणि किती वाजता जातो हे बघणाऱ्याला कळतं. तो जे जनावर मारतो ते कुणाचं तरी असतं, आणि साहेलमधल्या गुराख्याचं सगळं धन त्याच्या गुरांतच असतं. रात्रीच्या पहाऱ्यावर डोळा लागायला लागतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आसपासच्या मुलुखाला समजतं, की या माणसांकडे शिधासुद्धा येऊ शकत नाही, मग कुमक कुठून येणार? मराठी माणसाला किल्ल्यांचा इतिहास सांगायला नको. तट शाबूत असताना रसद तुटल्यामुळे आणि आतबाहेरची माणसं फुटल्यामुळे किती गड हातचे गेले, ते आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. इनाटाला तर धड तटही नव्हता.

इनाटानंतर राजधानी वागाडुगूमध्ये निदर्शनं झाली, आणि २४ जानेवारी २०२२ ला लेफ्टनंट कर्नल दामिबा यांनी अध्यक्ष काबोरे यांना हटवलं. दामिबा स्वतः आठ महिने टिकले. २६ सप्टेंबरला गास्किंदेजवळ, जिबो या वेढलेल्या शहराकडे रसद घेऊन चाललेल्या ताफ्यावर हल्ला झाला, ट्रक जळाले, कित्येक माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. चारच दिवसांनी कॅप्टन इब्राहिम त्राओरे यांनी दामिबांची सत्ता उलथवली. एका वर्षात दोन सत्तापालट, आणि दोन्हींच्या मागे रसदीचा प्रश्न होता. हे योगायोगाने घडलं असं मला वाटत नाही.

रसद का पोहोचत नाही? मालीचं क्षेत्रफळ सुमारे १२.४ लाख चौरस किलोमीटर आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या चौपट. नायजर त्याहून किंचित मोठा. उत्तरेत आणि सीमाभागात डांबरी रस्ते अगदी मोजके. बाकी लाल मातीच्या नाहीतर वाळूच्या वाटा, पावसाळ्यात त्याही बंद. काश्मीरमध्ये ताफा निघायच्या आधी रोज सकाळी रोड ओपनिंग पार्टी पायी रस्ता तपासते, कुत्री सोबत असतात, उंचवट्यांवर पिकेट बसतात, आणि शेवटची गाडी जाईपर्यंत कोणी जागा सोडत नाही. हे काम अतिशय मनुष्यबळ खातं. दीड-दोनशे किलोमीटरच्या कच्च्या वाटेवर एखादी कंपनी हे करूच शकत नाही. जिहादी गट खताच्या आणि खाणींतल्या रसायनांपासून स्फोटकं बनवतात, ती प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये भरून चाकोरीत पुरतात आणि निघून जातात. पुढचे कित्येक आठवडे तो रस्ता आपोआप बंद राहतो. हेलिकॉप्टरं मोजकी, त्यांचीही देखभाल रखडलेली. म्हणून शिधा, पाणी, दारूगोळा, जखमींना हलवणं आणि जवानांची सुट्टी, सगळं एकाच धाग्यावर लटकलेलं असतं.

आता प्रत्यक्ष हल्ला. त्याचा ठरलेला असा एक साचा आहे. आधी काही दिवस पाहणी होते. गुराखी, पाणी आणणारी मुलं, बाजाराला येणारे लोक यांच्यातून माहिती गोळा केली जाते, काही जण स्वखुशीने देतात, बरेच जण भीतीने. मोबाइलचे टॉवर जाळले जातात. कुमक ज्या वाटेने येईल तिथे सुरुंग पेरले जातात, कधी दबा धरून माणसंही बसवली जातात. मग पहाटे किंवा दुपारच्या जेवणाच्या वेळी, जेव्हा पहारा ढिला असतो तेव्हा, आधी उखळी तोफांचा मारा किंवा स्फोटकांनी भरलेली गाडी फाटकावर, आणि त्यामागोमाग अनेक दिशांनी मोटरसायकली. एका मोटरसायकलवर दोघं, मागच्याच्या हातात रायफल किंवा मशीनगन. त्या झाडीत लपतात, छोट्या छोट्या गटांनी पसरतात, आणि एकत्र जमेपर्यंत वरून पाहणाऱ्यालाही ती फौज आहे असं वाटत नाही. १९ जून २०२५ ला नायजरच्या बानीबांगूजवळ हल्ला झाला तेव्हा तिथल्या संरक्षण मंत्रालयानेच सांगितलं, की २०० हून जास्त मोटरसायकली आणि आठ गाड्या आल्या होत्या. ३४ सैनिक मारले गेले. तास-दोन तासांत काम उरकायचं, शस्त्रं आणि गाड्या उचलायच्या, उरलेलं पेटवायचं आणि विमान येण्याआधी पांगायचं. बहुतेक वेळा तळ ताब्यात ठेवायचा त्यांचा विचारच नसतो. त्यांच्या दृष्टीने तळ हे शस्त्रांचं कोठार आहे. जिहादींकडून जप्त झालेल्या शस्त्रांची तपासणी झाली, तेव्हा त्यांतला लक्षणीय हिस्सा याच देशांच्या सैन्यांकडून लुटलेला निघाला. लिबियात २०११ मध्ये गद्दाफीची राजवट कोसळल्यावर तिथून शस्त्रं आली हे खरंच, पण इतकी वर्षं लढाई त्या साठ्यावर चाललेली नाही.

२०१९ च्या शेवटच्या महिन्यांकडे पाहा. १ नोव्हेंबरला मालीतल्या इंदेलिमानमध्ये सुमारे ५० सैनिक ठार झाले. १० डिसेंबरला नायजरमधल्या इनातेसमध्ये ७१. ९ जानेवारी २०२० ला शिनागोद्रारमध्ये ८९. तिन्ही ठिकाणं माली आणि नायजरच्या सीमापट्ट्यात, तिन्हींमागे इस्लामिक स्टेटची साहेल शाखा. इनातेसवर त्याच वर्षी १ जुलैला हल्ला होऊन १८ सैनिक गेले होते. म्हणजे तळाची कमजोरी कुठे आहे हे दोन्ही बाजूंना पाच महिने आधी माहीत होतं. एका बाजूने त्यावर काम केलं.

इंदेलिमानच्या पराभवानंतर मालीने सीमेवरच्या इंदेलिमान, आंदेराम्बुकान, लाबेझांगा अशा चौक्या रिकाम्या केल्या आणि सैन्य मोठ्या तळांवर आणलं. मोठ्या तळावर माणसं जास्त, तोफा जास्त, धावपट्टी जवळ. कागदावर हा निर्णय बरोबर आहे. पण चौकी उठली की त्या पट्ट्यातल्या गावांना त्याच संध्याकाळी ठरवावं लागतं, की आता कोणाचं ऐकायचं. जकातीच्या, म्हणजे इस्लामी धर्मदानाच्या नावाखाली गुरं आणि धान्य वसूल करणारे येतात, शाळा बंद पाडतात, सरपंचासारख्या गावप्रमुखाला नाहीतर त्याच्या मुलाला उचलून नेतात. छोटी चौकी ठेवली तर ती लुटली जाते, उठवली तर मुलूख जातो. मी स्वतः या पेचात छोट्या चौक्यांच्या बाजूचा आहे, पण एका अटीवर: अर्ध्या तासात पोहोचणारी राखीव तुकडी आणि रोज उघडा राहणारा रस्ता असेल तरच. ते जमत नसेल तर ४० माणसांना वाळवंटात बसवणं हा त्यांच्यावर अन्याय आहे, आणि तसा आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्याला मी माफ करू शकत नाही.

आता गावाकडे येतो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत. आपल्याकडच्या चर्चेत हे सगळं धर्मवेडाच्या एका वाक्यात संपतं. वरच्या नेत्यांच्या बाबतीत धर्म खरा आहे. 'जमाअत नुसरत अल-इस्लाम वल-मुस्लिमीन', म्हणजे जेएनआयएम ही अल-कायदाची शाखा मार्च २०१७ मध्ये चार गट एकत्र येऊन झाली. तिचा प्रमुख इयाद अग घाली हा उत्तरेच्या वाळवंटातल्या तुआरेग समाजाचा जुना बंडखोर, आणि मध्य मालीतला नेता अमादू कूफा हा फुलानी या गुराखी समाजातला धर्मोपदेशक. पण मोटरसायकलवर मागे बसणारा वीस वर्षांचा पोरगा बहुतेकदा वेगळ्या वाटेने आलेला असतो. मध्य मालीत नायजर नदीच्या अंतर्गत त्रिभुज प्रदेशात पुराच्या पाण्यात बुर्गू नावाचं गवत वाढतं आणि पूर ओसरल्यावर ते चरायला मोकळं होतं. त्या कुरणांवर गुरं सोडण्यासाठी पारंपरिक मालक गुराख्यांकडून फी घेत, ती वर्षागणिक वाढत गेली. वरून वनखात्याचा दंड, जाँदार्मची लाच, न्यायालयातल्या खटल्यात दोन्ही पक्षांकडून पैसे. कूफाच्या माणसांनी चराईची फी खाली आणली आणि भांडणं एका दिवसात मिटवली. न्याय कठोर होता, क्रूरही होता, पण लाच द्यावी लागत नव्हती.

त्यात सैन्याने आणि सैन्याच्या आश्रयाने वाढलेल्या सशस्त्र टोळ्यांनी फुलानी म्हणजे जिहादी असं समीकरण मांडलं. १ जानेवारी २०१९ ला बुर्किनातल्या यिर्गूमध्ये, २३ मार्च २०१९ ला मालीतल्या ओगोसागूमध्ये फुलानी वस्त्यांवर कत्तली झाल्या. ओगोसागूत सुमारे १६० माणसं मारली गेली, त्यांत बायका-मुलं होती. मार्च २०२२ मध्ये मालीच्या सैन्याने आणि सोबतच्या परदेशी लढवय्यांनी मौरा गावाला वेढा घातला. किमान ५०० माणसं मारली गेली असा निष्कर्ष संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने काढला. २५ फेब्रुवारी २०२४ ला बुर्किनाच्या सैन्याने नोंदिन आणि सोरो या दोन गावांत २२३ नागरिक मारले, त्यांत ५६ मुलं, अशी नोंद 'ह्यूमन राइट्स वॉच'ने केली.

जिहादींच्या कत्तलींवर यामुळे पांघरूण पडत नाही. जून २०२१ मध्ये बुर्किनातल्या सोल्हानमध्ये त्यांनी सव्वाशेहून जास्त गावकरी मारले. २४ ऑगस्ट २०२४ ला बुर्किनातल्याच बार्सालोघोमध्ये सैन्याच्या सांगण्यावरून गावाभोवती खंदक खणत असलेल्या शेकडो लोकांवर गोळ्या झाडल्या. तिथे तर तळाच्या संरक्षणासाठी नागरिकांनाच उघड्यावर उभं केलं गेलं होतं. दोन्हीकडून मार खाणारं गाव कोणालाच खबर देत नाही, आणि खबर न मिळणारी चौकी आंधळी असते.

याचा सगळ्यात स्पष्ट दाखला म्हणून मी बुलिकेसीचं नाव घेतो. बुर्किनाच्या सीमेजवळचं मालीतलं गाव. १९ मे २०१८ ला तिथल्या गुरांच्या बाजारात एक सैनिक मारला गेला, आणि त्यानंतर सैनिकांनी १२ नागरिकांना ठार मारलं. संयुक्त राष्ट्रांच्या मालीतल्या मोहिमेने चौकशी करून हे नोंदवलं. हे सैनिक साहेलमधल्या पाच देशांच्या संयुक्त दलाचा भाग होते. ३० सप्टेंबर २०१९ ला त्याच तळावर हल्ला झाला, सुमारे ४० सैनिक गेले. १ जून २०२५ ला पुन्हा तोच तळ पडला. किमान ३० सैनिक ठार झाल्याचं वृत्तसंस्थांनी दिलं, जेएनआयएमने शंभरावर दावा केला. बाजारातल्या त्या १२ मृतदेहांमुळेच पुढचे हल्ले झाले असं मी म्हणणार नाही, युद्ध इतकं सरळ चालत नाही. पण ज्या बाजारातून तळाला बातमी यायची, त्याच बाजारात गोळ्या चालल्यावर पुढच्या वर्षी कोण सांगायला येणार होतं, की परवापासून अनोळखी मोटरसायकली दिसताहेत?

परदेशी मदतीबद्दल थोडक्यात. जानेवारी २०१३ मध्ये फ्रान्सने 'सर्व्हाल' मोहिमेत उत्तर मालीतली शहरं काही आठवड्यांत सोडवली. ते काम खरोखर चांगलं झालं. नंतरच्या 'बारखान' मोहिमेत पाच हजारांपर्यंत सैनिक होते, जिहादी नेते टिपले गेले, इस्लामिक स्टेटचा स्थानिक म्होरक्या अबू वलीद अल-सहरावी २०२१ मध्ये मारला गेला, आणि तरी दर वर्षी नकाशावर जिहादींचा मुलूख वाढतच राहिला. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेने २०१३ ते २०२३ या दहा वर्षांत मालीत तीनशेहून जास्त माणसं गमावली. मग वॅग्नर या खासगी लष्करी कंपनीचे रशियन आले. जुलै २०२४ च्या अखेरीस अल्जीरियाच्या सीमेवरच्या तिंझावातेनजवळ तुआरेग बंडखोरांनी आणि जेएनआयएमने मालीच्या सैन्याचा आणि वॅग्नरचा ताफा धुळीच्या वादळात गाठून मोडून काढला. जून २०२५ मध्ये वॅग्नरने निघून जात असल्याचं जाहीर केलं आणि रशियाच्या संरक्षण खात्याखालचं 'आफ्रिका कोअर' तिथे राहिलं. झेंडा कोणाचाही असो, बाहेरची फौज शहर सोडवू शकते. गावातला खटला कोण मिटवणार आणि गुरं कुठे चरणार, याचं उत्तर तिच्या ट्रकमधून येत नाही.

ड्रोनने फरक पडला का? पडला, पण जिथे लोक समजतात तिथे नाही. मोठ्या ताफ्यांना एकत्र जमणं जिहादींना अवघड झालं. मात्र ड्रोन उडून पोहोचेपर्यंत हल्ला संपलेला असतो, आणि त्याला लक्ष्य दाखवणारी जमिनीवरची माहिती नसेल तर तो लग्नाचं वऱ्हाडही लक्ष्य समजू शकतो. आता जेएनआयएम स्वतःही बाजारात मिळणाऱ्या छोट्या ड्रोनना स्फोटकं बांधून वापरू लागली आहे, त्यामुळे मातीच्या बंधाऱ्याआड बसलेली चौकी वरूनही उघडी पडली.

सत्तापालटांनी सैन्य सुधारेल असं तिथल्या पुष्कळ सामान्य लोकांना मनापासून वाटलं होतं, आणि त्यांच्या रागाला कारण होतं. मालीत ऑगस्ट २०२० आणि मे २०२१, बुर्किनात २०२२ मध्ये दोनदा, नायजरमध्ये २६ जुलै २०२३. पण अधिकारी सत्तेत बसले की उत्तम तुकड्या राजधानीच्या पहाऱ्याला लागतात, कारण पुढच्या सत्तापालटाची भीती असते. मृतांचे आकडे दडवले जातात, पत्रकारांना हद्दपार केलं जातं नाहीतर आघाडीवर पाठवलं जातं. व्यावसायिक नजरेने पाहता मला यातली सगळ्यात घातक गोष्ट ही वाटते. आपल्याकडे एखाद्या चौकीवर हल्ला झाला की कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते, वायरलेस किती वाजता बंद पडला इथपर्यंत विचारलं जातं. पराभव झालाच नाही असं जाहीर केलं, की ती चौकशी करायची सोय राहत नाही आणि पुढची चौकी त्याच चुकीवर बांधली जाते.

राजधानीसुद्धा त्यामुळे सुरक्षित झाली नाही. जुलै २०२२ मध्ये बामाकोला लागून असलेल्या काती या मुख्य लष्करी तळावर स्फोटकांच्या गाड्या धडकल्या. १७ सप्टेंबर २०२४ ला बामाकोतलं जाँदार्मरीचं प्रशिक्षण केंद्र आणि विमानतळाचा लष्करी भाग यांच्यावर हल्ला झाला, सत्तरहून जास्त माणसं मेली. आणि सप्टेंबर २०२५ पासून जेएनआयएमने आपला डाव आणखी मोठा केला. मालीला समुद्र नाही. इंधन सेनेगल आणि आयव्हरी कोस्टमधून टँकरने येतं. ते टँकर जाळायला सुरुवात झाली, आणि ऑक्टोबरच्या अखेरीस इंधनाअभावी देशभरातल्या शाळा दोन आठवडे बंद ठेवाव्या लागल्या. इनाटाच्या चौकीला जे केलं तेच अख्ख्या देशाला करायचा हा प्रयत्न. सैन्याला आता प्रत्येक टँकरमागे जवान द्यावे लागतात, आणि रस्त्यावर रांगेने चाललेला सैनिक चौकीतल्या सैनिकापेक्षाही सोपं सावज असतो.

दक्षिणेकडचे किनारी देशही सुटलेले नाहीत. बेनिनच्या उत्तरेत, डब्ल्यू राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात, ८ जानेवारी २०२५ ला २८ सैनिक आणि १७ एप्रिलला ५४ सैनिक मारले गेले. बेनिनचं सैन्य तुलनेने शिस्तीचं आणि पोसलेलं आहे. तरी जंगलातल्या लांबच्या चौक्यांचं गणित तिथेही तेच निघालं.

आता तुमच्या भावाबद्दल. नायजरमधल्या अलीकडच्या घटना नीट पाहा. एप्रिल २०२५ च्या अखेरीस तिलाबेरी भागात वीजवाहिनीच्या कामावरच्या पाच भारतीयांचं अपहरण झालं; ते झारखंडमधल्या गिरिडीह जिल्ह्याचे. त्याच सुमाराला त्याच परिसरात १२ सैनिकही मारले गेले. १५ जुलै २०२५ ला दोसो भागात वीजवाहिनीच्या साइटला संरक्षण देणाऱ्या लष्करी तुकडीवर हल्ला झाला, त्यात दोन भारतीय मरण पावले आणि एकाला पळवून नेलं. शेजारच्या मालीत १ जुलैला कायेसमधल्या सिमेंट कारखान्यातून तीन भारतीय, आणि नोव्हेंबरमध्ये पश्चिम मालीतल्या कोब्रीजवळून विद्युतीकरणाच्या कामावरचे आणखी पाच जण नेले गेले. परदेशी तंत्रज्ञ पळवला की खंडणीही मिळते आणि सरकारचं विकासकामही थांबतं, त्यामुळे तो त्यांच्या दृष्टीने सैनिकापेक्षा मोलाचा.

म्हणून 'साइटवर लष्कर आहे' या वाक्याने निर्धास्त होऊ नका. पश्चिम नायजरमध्ये लष्कराची छोटी तुकडी हेच मुळात पहिलं लक्ष्य आहे, आणि तिच्याशेजारी तंबू ठोकलेला कामगार तिच्यासोबत सापडतो. बंदोबस्त नसावा असं मी म्हणत नाही. कसा आहे ते विचारा. मुक्काम साइटवर आहे की शहरात? रोज एकाच रस्त्याने, एकाच वेळी ने-आण होते का? जवळची राखीव तुकडी किती मिनिटांवर आहे आणि ती शेवटची कधी प्रत्यक्ष आली होती? मोबाइलचा टॉवर जाळला तर सॅटेलाइट फोन कोणाकडे? गावातले मजूर एका सकाळी कामावर आलेच नाहीत, तर काम थांबवायचा अधिकार साइटवरच्या कोणाला आहे? हा शेवटचा प्रश्न मी सगळ्या कंपन्यांना विचारतो, कारण हल्ल्याची पहिली खूण बहुतेक वेळा तीच असते, आणि त्या दिवशी वेळापत्रक सांभाळायला माणसं पाठवली जातात.

काम अगादेझ, झिंदेर किंवा नियामे शहरात असेल तर धोका वेगळा आहे, त्याचा स्वतंत्र विचार करता येईल. तिलाबेरी किंवा दोसोच्या सीमेकडच्या पट्ट्यात असेल तर माझं मत स्पष्ट आहे: आज जाऊ नये, पगार कितीही असो. आणि हे लक्षात घ्या, की परदेशी नोकरीसाठी आपल्याकडे ज्या देशांना जाताना इमिग्रेशन क्लिअरन्स लागतो त्या यादीत नायजर आणि माली नाहीत; म्हणजे आखाती देशांच्या बाबतीत सरकारी पातळीवर जी थोडीफार छाननी होते, तीही इथे होत नाही. ती तुम्हालाच करावी लागेल. करारात कामाची जागा जिल्ह्याच्या नावासकट लिहून घ्या, जागा बदलल्यास नकार देऊन कंपनीच्या खर्चाने परतण्याचं कलम घाला, अपहरण आणि मृत्यू दोन्ही विम्यात आहेत का ते पॉलिसीची प्रत मागून तपासा, आणि तरीही गेलाच तर पोहोचल्याच्या दिवशी नियामेमधल्या भारतीय दूतावासात नाव नोंदवायला सांगा. कंपनी या गोष्टी लिहून द्यायला का-कू करत असेल, तर ऑफर परत करा. करार आला की वैयक्तिक माहिती झाकून मला पाठवा, मी वाचून सांगतो.